कुंभकर्णाचा श्वास

अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात जातो आणि दुसऱ्या दिवसापासून मंडप उतरवायला सुरुवात होते. कनाती सुटतात, बांबू ट्रकवर चढतात, रस्त्यात खणलेले खड्डे खडीने बुजवले जातात. मूर्तीचं सगळं रीतसर होतं: उत्तरपूजा, मिरवणूक, निरोप. तिच्या शेजारी दहा दिवस जो देखावा हलत होता, त्यातल्या माणसांना मात्र कुणी निरोप देत नाही. रावण, जटायू, हिरकणी, दरबारातले भालदार-चोपदार, ताक घुसळणारी यशोदा ही मंडळी मंडप उतरल्यावर जातात कुठे, हा प्रश्न मला लहानपणापासून आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. त्यांतली बरीच आमच्याकडेच येतात.

हलता देखावा ही खर्चाची गोष्ट आहे. मोठ्या मंडळांना दर वर्षी नवा विषय लागतो, कारण लांबून येणारा माणूस तोच देखावा दुसऱ्यांदा बघायला रांगेत उभा राहत नाही. लहान मंडळाची वर्गणी तेवढी नसते. मग मोठ्या मंडळाचा यंदाचा देखावा पुढच्या वर्षी लहान मंडळाचा नवा देखावा होतो, कधी विकत, कधी भाड्याने. पुण्यातल्या देखाव्यांची ही रीत जुनीच आहे. लालबाग-परळकडची चित्रंही, म्हणजे देखाव्यातले पुतळे, अशीच रेल्वेच्या वाटेने कल्याणच्या पुढे सरकत आली. पुतळा एकेक स्टेशन पुढे येतो आणि येताना त्याचं नाव बदलतं.

अंबरनाथला आमच्या वस्तीजवळच्या एका मंडळाने एका वर्षी अफजलखानाच्या वधाचा देखावा केला होता. निवेदनाची कॅसेट लागायची, निळा दिवा हळूहळू तांबडा व्हायचा, महाराज एक पाऊल पुढे येत. खान जागेवरच उभा असे, दोन्ही हात पसरून. तो मला आजही लख्ख दिसतो, कारण त्याचं पोट हलत होतं. भरजरी अंगरख्याखाली ते सावकाश फुगायचं आणि तितकंच सावकाश खाली बसायचं. महाराजांच्या अंगात श्वास नव्हता, मावळ्यांच्या नव्हता, फक्त खानाच्या होता. मिठीच्या आधीचा तो श्वास बघून आम्ही मुलं एकमेकांना घट्ट धरून उभी राहायचो. देखावा संपला की परत रांगेत जायचो.

त्या श्वासाचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनी झाला, बदलापूरला. तिथे देखाव्यांची चित्रं दुरुस्त करणारे एक काका राहत. मूळचे परळचे, मिलमधले फिटर. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो मिटला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. त्यानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं खोल्या विकून डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर अशी बाहेर पडली. त्यांच्याबरोबर भजनी मंडळं आली, कबड्डी आली आणि देखाव्याचं यंत्र बसवणारे हातही आले. ज्याने आयुष्यभर माग चालते ठेवले, त्याला गोल फिरणाऱ्या चाकातून पुढे-मागे होणारी चाल काढणं शिकवावं लागत नाही. त्या खानाबद्दल मी विचारलं तेव्हा काका लगेच म्हणाले, "तो खान नव्हता गं ताई आधी. तो कुंभकर्ण होता."

निजलेला कुंभकर्ण. त्याच्या छातीखाली बिजागरीवर एक पत्रा, पत्र्यावर स्पंज, त्यावर कापड. पत्र्याखाली अंड्याच्या आकाराचं चाक गिअरच्या मोटरवर फिरायचं. चाकाची फुगीर बाजू वर आली की पोट वर, चपटी बाजू आली की पोट स्वतःच्या वजनाने खाली. अवतीभोवती राक्षस ढोल बडवत असायचे आणि हा घोरत असायचा. पुढे विषय बदलला, कुंभकर्णाला उभा केला, पाय नवे जोडले, दाढी लावली, अंगरखा चढवला. पोटाचं यंत्र काढून टाकायला दोन तासांचं काम होतं. काकांनी ते काढलं नाही. उभ्या माणसाचं पोट वजनाने मागे जात नाही, म्हणून उलट त्यांनी एक स्प्रिंग वाढवली. "मरायच्या आधी माणूस जिवंत दिसला पाहिजे," एवढंच ते म्हणाले. मग हात धुऊन चहाला बसले. अंगरख्याच्या कॉलरमागे कुंभकर्णाचा गडद रंग राहिला होता आणि कानांच्या पाळ्यांना कुंडलांची भोकंही तशीच होती, हेही त्यांनीच सांगितलं. ती बुजवायचं राहून गेलं होतं की त्यांनी मुद्दाम ठेवली होती, ते मी विचारलं नाही. मला वाटतं ठेवली होती.

काकांमुळे मला देखाव्याकडे बघायची वेगळी नजर आली. पुतळ्याचा चेहरा बदलता येतो, कपडे बदलता येतात, विगही येतो, पण त्याची चाल बदलणं महाग पडतं. म्हणून देखावा विकत घेणारं जाणतं मंडळ आधी चाल बघतं. यशोदेचे दोन हात पुढे-मागे होतात. चाकावर मध्यापासून जरा बाजूला एक पिन, पिनेला दांडी, दांडीला कोपर, इतकंच ते यंत्र. पण त्या दोन हातांतली रवीची दोरी काढून पाळण्याची दोरी दिली की यशोदेची जिजाऊ होते. नंतर तीच बाई एखाद्या सामाजिक देखाव्यात हंडे भरायला पाणी शेंदताना दिसते. मान डावी-उजवीकडे वळवणारा दरबारी पुढच्या वर्षी बाजारातला गिऱ्हाईक होतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी प्रदूषणाने हैराण झालेला नागरिक. हे एकदा कळलं की बघणाऱ्याचा आनंद कमी होत नाही, दुप्पट होतो. समोर जिजाऊ असते आणि तिच्या मनगटात यशोदाही असते.

या धंद्याची स्वतःची मर्यादाही आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. काका म्हणत, देवाचा संत केलेला चालतो, संताचा शेतकरी चालतो, राक्षसाचा सरदार चालतो. राक्षसाचा देव करायचा नाही. हा नियम कुठल्या कागदावर नाही. साचा तोच, लगदा तोच, तरी एकदा जो दहा दिवस शिव्या खात उभा राहिला, त्याच्यापुढे लोकांना हात जोडायला लावायचे नाहीत, एवढी लाज त्या कामात आहे. घरच्या गौरींचे मुखवटे आपण अशाच आदराने सांभाळतो. पितळेचा चेहरा पणजीच्या वेळचा, साडी या वर्षीची, आणि उरलेलं वर्षभर ते चेहरे मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवतो. मंडळाच्या पुतळ्यांना तेवढी माया मिळत नाही. ते पोटमाळ्यावर, जिन्याखाली, कुणाच्या तरी गाळ्यात, एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात. उल्हास नदीकाठच्या गावांत पुराचं पाणी शिरतं तेव्हा कागदाच्या लगद्याचा माणूस तासाभरात विरघळतो. २६ जुलै २००५च्या पुरात माणसांचेच संसार वाहून गेले, तिथे पुतळ्यांचा हिशेब कोण ठेवणार?

अमेरिकेत, जिथे ही करमणूक मोठ्या उद्योगाच्या तोलाने चालते, तिथेही जुने पुतळे असेच नव्या नावाने परत उभे राहिले आहेत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९७४च्या जूनमध्ये 'अमेरिका सिंग्ज' नावाचा खेळ सुरू झाला. गोल फिरणाऱ्या नाट्यगृहात शंभराहून जास्त यांत्रिक प्राणी अमेरिकन गाणी गायचे. १९८८च्या एप्रिलमध्ये तो बंद झाला. त्यातले बहुतेक प्राणी पुढच्याच वर्षी उघडलेल्या 'स्प्लॅश माउंटन' या पाण्यातल्या सफरीत नव्या गोष्टीतली पात्रं होऊन परत उभे राहिले. त्याआधी दोन हंसांचं नशीब आणखी वेगळं निघालं. त्यांची पिसं आणि कातडी उतरवली, आतला लोखंडी सांगाडा उघडाच ठेवला, नवं डोकं बसवलं, आणि १९८७मध्ये 'स्टार टूर्स' या अंतराळसफरीच्या रांगेत ते बडबडे यंत्रमानव झाले.  'स्प्लॅश माउंटन'ही ३१ मे २०२३ला बंद झालं. पण या सगळ्या प्रवासाची नोंद आहे. कुठला प्राणी कुठून कुठे गेला, त्याचं रेखाटन कुणी केलं, मार्क डेव्हिस या चित्रकाराचा हात कुठे दिसतो, हे सगळं लिहिलेलं सापडतं. आमच्या कुंभकर्णाची नोंद काकांच्या डोक्यात होती, आणि डोकी कायमची टिकत नाहीत.

आमच्या पट्ट्यातली गावंच मुळात एकदा वापरून झालेल्या सामानावर उभी राहिली आहेत, म्हणून मला या गोष्टीची जास्त ओढ असावी. उल्हासनगर बघा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर सैनिकांसाठी छावणी बांधली गेली, लांबच लांब बराकींची. युद्ध संपलं, छावणी ओस पडली, आणि फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना त्याच बराकींमध्ये जागा दिली गेली. शिपायांच्या ओळीने लावलेल्या खाटांच्या जागी कुटुंबं राहू लागली. मध्ये गोणपाटाचे पडदे आले, मग फळ्या, मग विटा. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी इथे नव्या नगराची कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. तरीही रिक्षावाल्याला आजही पत्ता सांगावा लागतो तो कॅम्प नंबर एक ते पाच असाच. सैन्याने दिलेली चौकट गावाच्या तोंडून गेलेली नाही. ज्या लोकांनी बराकीतून घर काढलं, त्यांच्या हाताला कोणतीच वस्तू निकामी दिसत नाही. फर्निचरच्या बाजारात, कापडाच्या दुकानांमागच्या कारखान्यांत, मोटरी बांधून देणाऱ्यांच्या टपऱ्यांत हे रोज दिसतं. नकली मालाचं गाव म्हणून उल्हासनगरला हिणवणाऱ्यांनी या बाजारात एक दुपार तरी घालवावी. बंद पडलेल्या गाडीच्या वायपरची मोटर जटायूचे पंख हलवू शकते, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, सिंधींच्या इष्टदेवाची, झुलेलालची झांकी निघते तेव्हा माशावर बसलेली ती पांढऱ्या दाढीची शांत आकृती बघताना, तिच्याखालची लाटांची चाल कुणी आणि कशातून काढली असेल, हाच विचार माझ्या मनात येतो.

आणि याच पट्ट्यात, वालधुनीच्या काठावर, अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे. मी तिथे लहानपणापासून जाते. महाशिवरात्रीच्या जत्रेत बाहेर आकाशपाळणे फिरत असतात, आत भाविकांची रांग असते, आणि रांग पुढे सरकेपर्यंत भिंत बघायला वेळच वेळ मिळतो. खालच्या थरात हत्तींची डोकी एकाशेजारी एक. जोडीला कीर्तिमुखं. लांबून सगळी सारखी वाटतात, जवळ गेलं की एकाचा जबडा जास्त उघडा, एकाचे डोळे जास्त बटबटीत. कारागिराने ठरलेली आकृती पुन्हा पुन्हा वापरली आणि प्रत्येक वेळी तिच्यात थोडा स्वतःचा हात सोडला. कोनाड्यांमध्ये शिव-पार्वतीचं लग्न आहे, गजासुराला मारणारा शिव आहे, सुरसुंदरी आहेत. बरंच काही अशा जागी आहे की तिथे उभं राहून मान वेडीवाकडी केल्याशिवाय दिसत नाही. गाभारा सभामंडपापेक्षा खोल, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि डोक्यावर शिखर नाही, उघडं आकाश.

या मंदिराचं वय सांगणारी ओळही अशीच लपलेली आहे. उत्तरेकडच्या दारात, तुळईच्या आतल्या अंगाला शिलालेख आहे. येणारा-जाणारा त्याच्याखालून जातो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा शकाचा पहिला आकडा सात लागला, आणि मंदिर दोनशे वर्षांनी म्हातारं ठरलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो नीट लावला: शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणी किंवा माम्वाणी याचा काळ. एका झिजलेल्या आकड्यावर दोन शतकं अवलंबून होती. शिलालेखातलं ठळक नाव राजाचं. त्या बटबटीत डोळ्यांच्या कीर्तिमुखाला आकार कुणी दिला, ते मात्र आपण विचारत नाही.

१८६८मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले टेरी आणि त्यांचे विद्यार्थी या मंदिरावर कामाला आले. त्यांनी मोजमापं घेतली, रेखाटनं केली आणि शिल्पांवरून साचेही काढले. १८७४मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त या मंदिराची चित्रं छापून आली. मला हा प्रसंग मोठा वाटतो. आठशे वर्षं पावसात उभ्या असलेल्या दगडी चेहऱ्यावर ओलं प्लास्टर थापायचं, ते सुकू द्यायचं, हलक्या हाताने सोडवायचं, आणि दगडातला चेहरा जागेवरच ठेवून त्याचा दुसरा चेहरा गाडीत घालून न्यायचा. काकांच्या कामापेक्षा हे फार वेगळं नाही. फरक इतकाच की टेरींच्या माणसांनी कागदावर लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

अंबरनाथहून रेल्वेने पुढे गेलं की कर्जत येतं. तिथे कर्जत-चौक रस्त्यावर कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५मध्ये स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'साठी त्यांनी बांधलेला आग्र्याचा किल्ला चित्रपट २००८ला येऊन गेल्यावरही तिथेच राहिला, आणि लोक तिकीट काढून तो बघायला येऊ लागले. एरवी चित्रपटाचा सेट चित्रीकरण संपलं की मोडतात. देसाईंनी तो मोडला नाही, याचं मला कौतुक आहे. गणपतीच्या सजावटीवरही त्यांनी मनापासून काम केलं. २ ऑगस्ट २०२३ला ते गेले. त्यांच्या किल्ल्याचं नाव निदान लोकांना ठाऊक आहे.

आता देखावे बदलत चालले आहेत. थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ला बंदी आली, ती योग्यच होती. पण त्याच सुमाराला अनेक मंडळांनी हलती चित्रंही सोडली. मोठा एलईडी पडदा भाड्याने मिळतो, त्यावर चित्रफीत चालते, साठवायला जागा लागत नाही, पुराची भीती नाही. माझा त्याला विरोध नाही, मंडळांची अडचण मला कळते. तरीही पडद्यावरचा कुंभकर्ण पुढच्या वर्षी खान होऊ शकत नाही. त्याच्या कानाला आधीच्या जन्माचं भोक राहत नाही. आणि तो दुरुस्त करायला बदलापूरच्या कुठल्या काकांकडे न्यावा लागत नाही, म्हणजे तो कुणालाही काही शिकवत नाही. वायपरची मोटर हातात घेऊन, तिच्यातून पंखांची फडफड कशी काढायची हे जमिनीवर बसून शिकणारा बारा-चौदा वर्षांचा मुलगा मंडपामागे दिसणं थांबलं, तर नुकसान फक्त गणेशोत्सवाचं नाही. त्या मुलाचंही आहे, आणि उद्या ज्याच्या हाताखाली तो काम करणार त्या कारखान्याचंही.

२०२५मध्ये शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्या निमित्ताने स्पर्धा होतील, बक्षिसं वाटली जातील. माझं मागणं त्याहून लहान आहे आणि ते अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या मंडळांच्या कार्यकर्त्यांकडे आहे. तुमच्या पोटमाळ्यावर जे पुतळे आहेत, त्यांच्या पाठीवर, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी, ऑइलपेंटने चार गोष्टी लिहा: कुठल्या वर्षी केला, कुणी केला, तेव्हा तो कोण होता, आणि आता कोण आहे. एक फोटो समोरून काढा, एक मागून, यंत्र दिसेल असा. वर्गणीच्या वहीतलं एक पान त्यासाठी राखा. पुतळा विकलात तर त्या पानाची नक्कल घेणाऱ्या मंडळाला द्या. तुमच्याकडे दुसऱ्या गावाहून आलेला पुतळा असेल तर फोन करून त्याचं आधीचं नाव विचारा. ज्यांनी ते यंत्र बसवलं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. यंदा मंडप उतरवायच्या आधी त्यांना मागच्या बाजूला खुर्ची द्या आणि विचारून घ्या.